आधी पागा जाते

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातला जुना वाडा पडायला लागतो तेव्हा त्याची सुरुवात दिवाणखान्यापासून होत नाही. ती आवाराच्या भिंतीपासून होते. रस्त्याकडच्या अंगाला भिंत फोडून एक शटर बसतं, पुढे त्याच्या शेजारी दुसरं. मग भिंतीला आतून टेकलेल्या पागेचं, म्हणजे घोड्यांच्या तबेल्याचं, छप्पर उतरवलं जातं, कारण त्यातल्या दगडी पटियांना (लांब फरश्यांना) आणि सागवानी तुळयांना गिऱ्हाईक तयार असतं. पागेच्या जागी दुकानांची दुमजली ओळ उभी राहते. चौकात गाड्या लागायला लागतात. मध्ये मुख्य वाडा तेवढा उरतो आणि त्याच्या पायात पावसाचं पाणी मुरत राहतं, कारण ते बाहेर नेणारी मोरी पागेबरोबरच बुजलेली असते. पुढे एक दिवस दारावर ‘जीर्ण व धोकादायक’ अशी नोटीस लागते आणि मग आम्ही सगळे हळहळतो.

ही हळहळ फार उशिरा येते. माझं म्हणणं असं आहे की ग्वाल्हेरमध्ये वाडे जपायचे असतील तर जपण्याची सुरुवात जिथून पडझड सुरू होते तिथूनच केली पाहिजे. वारशाच्या यादीत नोंद करायची ती एकट्या इमारतीची न करता अख्ख्या आवाराची करावी, आणि त्या नोंदीत पागा व आवाराची भिंत नावानिशी यावी. हे दोन घटक गेले तर उरलेल्या इमारतीचं संरक्षण कागदावर कितीही भक्कम असलं तरी प्रत्यक्षात टिकत नाही.

हा आग्रह इतर कुठल्या शहरापेक्षा लष्करासाठी जास्त योग्य आहे, कारण हे शहर मुळात घोड्यांच्या भरवशावर वसलं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम हलवला आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ पडला. तळच पुढे राजधानी झाला. आजही आम्ही कंपूतून शिंदे की छावनीला जातो, वाटेत जिन्सी नाला ओलांडतो, हुजरात पुलावर रिक्षासाठी थांबतो. हे सगळे पत्ते फौजेचे आहेत. तंबूंच्या जागी हळूहळू दगडी वाडे आले. शितोळे, आंग्रे, फाळके, जाधव अशा सरदार घराण्यांची नावं आजही इथल्या बाड्यांना आणि बाजारांना चिकटलेली आहेत. सरदार म्हणजे त्याचं पथक, आणि पथक म्हणजे घोडे. घोड्यांना उभं करायला जागा नसेल तर सरदारकी नुसती नावाचीच.

इतिहासाचं एक कलम या संदर्भात फार बोलकं आहे. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी ग्वाल्हेरच्या फौजेचा पराभव झाला. त्यानंतरच्या तहात दरबाराच्या फौजेवर मर्यादा आली: एकूण ९,००० माणसं, आणि त्यांत पायदळ ३,००० पेक्षा जास्त नको. महादजींनी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली उभारलेल्या कवायती कंपूची परंपरा तिथे छाटली गेली. इंग्रजांना धास्ती होती ती त्या पायदळाची आणि तोफखान्याची. घोडदळाला मात्र वाव राहिला. लष्करातल्या वाड्यांच्या पागा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही नांदत्या राहिल्या त्यामागे हेही एक कारण असणार, असं मला वाटतं. लष्करात पागा बांधल्या गेल्या त्या केवळ हौसेपायी बांधल्या गेल्या असं कुणी समजू नये. राज्याच्या बळाचा उरलेला मोठा भाग तिथेच बांधलेला होता.

आता पागा हे बांधकाम काय असतं ते जरा नीट पाहू, कारण न पाहताच ‘गोठ्यासारखं काहीतरी’ म्हणून ते मोडीत काढलं जातं. पाठीला सलग, खिडक्या नसलेली भिंत. समोर चौकाकडे उघडी असलेली कमानींची किंवा खांबांची ओळ. दोहोंवर एकपाखी छप्पर, ग्वाल्हेरकडे बहुतेक वेळा वालुकाश्माच्या लांब पटियांचं, वर चुन्याचा कोबा. दोन खांबांमधला एक खण, आणि त्या खणात घोड्याचं ठाण. उभ्या घोड्याला आडवी ५ ते ६ फूट जागा लागते. म्हणजे २० घोड्यांची बेताची पागा धरली तरी १०० ते १२० फूट लांबी झाली. वाड्याच्या आवाराची एक अख्खी बाजू एवढ्यानेच भरते. टोकांना दाण्याची कोठी, खोगीर ठेवायची खोली, मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या, राहण्याची जागा, आणि जमेल तिथे वर गवताचा माळा.

पाठच्या भिंतीत दगडी गव्हाणी असतात, त्यांच्या वर लोखंडी कड्या, आणि मागच्या अंगाला जमिनीत पिछाडीचे खुंटे. जमीन गव्हाणीकडून मोरीकडे उतरती केलेली असते. हा उतार ठरवणं हे कसबाचं काम होतं. उतार जास्त झाला तर घोड्याच्या मागच्या पायांवर भार येतो, कमी झाला तर मूत्र साचून खुर सडतात. झरोके भिंतीत उंचावर ठेवलेले असतात; खाली ठेवले तर वाऱ्याचा झोत घामेजलेल्या जनावराच्या अंगावर येईल, वर ठेवले की ठाणातली कोंदट, उग्र हवा छपराखालून निघून जाते. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. दोन-अडीच फूट जाडीची भिंत आणि समोर सावलीचा चौक असेल तर पागेच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा चांगलीच थंड राहते. लष्करातल्या एका वाड्याच्या पागेत आज धान्याचं गोदाम आहे. भर दुपारी तिथले हमाल विश्रांतीला पागेतच येतात, पलीकडच्या नव्या सिमेंटच्या खोलीत जात नाहीत. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पाण्याचा हिशेबही पागेपासूनच सुरू होतो. एक घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो आणि १५ ते २० किलो लीद टाकतो. २० घोडे म्हटले की पिण्याचंच पाणी रोज ५०० ते ८०० लिटर लागतं आणि ३०० किलोंच्या वर लीद रोज उचलावी लागते. त्यामुळे विहीर कुठे खणायची, मोरी कुठून काढायची, लिदीची गाडी कुठल्या दारातून न्यायची, हे सगळं पागेच्या सोयीने ठरायचं. दरवाजाची उंची आणि रुंदी स्वाराच्या मापाने ठरायची. माणसांच्या येण्याजाण्यासाठी त्याच दारात दिंडी ठेवलेली असायची आणि दोन्ही बाजूंना पहाऱ्याच्या देवड्या. वाड्याचा नकाशा दिवाणखान्यापासून वाचायला घेतला तर तो कोड्यासारखा वाटतो. पागेपासून वाचला की प्रत्येक भिंत तिथेच का आहे ते कळतं.

आणि इथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. पागेची पाठभिंत आणि आवाराची भिंत या बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या भिंती नसतात. ती एकच भिंत असते. बाहेरून तो परकोट, आतून ती पागेची पाठ. छपराच्या पटिया एका टोकाला याच भिंतीत खोचलेल्या असतात. पागेचे खण आणि आडव्या तुळया भिंतीला आतून धरून ठेवतात, आणि भिंत पागेला उभं ठेवते. रस्त्याकडून भिंत फोडली की पटियांचा आधार जातो. पागा पाडली की १२ ते १५ फूट उंचीची, चुन्यातली दगडी भिंत एकटी पडते. तिच्या माथ्यावर आता छप्पर नसतं, पावसाचं पाणी दोन्ही तोंडांच्या मधल्या भरावात उतरतं, आणि काही वर्षांत भिंतीला पोट येतं. पोट आलेली भिंत मग ‘धोकादायक’ म्हणून पाडतात. तिला धोकादायक कुणी केलं, हा प्रश्न पंचनाम्यात येत नाही.

दुरुस्तीच्या नावाखाली होणारं नुकसान तर याहून वाईट आहे. पागेच्या भिंतींना लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटतात, आणि तो साध्या ओलीचा नसतो. पिढ्यान् पिढ्या जमिनीत मुरलेल्या मूत्रापासून क्षार तयार होतात, त्यांत नायट्रेटचा भाग मोठा. पूर्वी बारूदीसाठी लागणारा सोरा असल्याच मातीतून आणि असल्याच भिंतींच्या पायथ्याशी खरवडून काढत. हे क्षार ओलीबरोबर दगडात वर चढतात आणि पाणी सुकलं की स्फटिक होऊन फुगतात. चुन्याचा गिलावा असेल तर ओल बाहेर पडते, क्षार गिलाव्यात येतात, आणि काही वर्षांनी तो खरवडून नवा लावला की भिंत पुन्हा सुदृढ. चुना झिजतो आणि दगड वाचतो. योजनाच तशी आहे. त्याच्या जागी सिमेंट फासलं की ओलीला वाट उरत नाही. क्षार सिमेंटच्या मागे, थेट वालुकाश्मात फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. वरून भिंत गुळगुळीत, आतून पीठ. मालक बिचारा म्हणतो, मी तर दुरुस्ती केली होती. त्याचा दोष नाही. ठेकेदाराला सिमेंटच माहीत आहे, अंदाजपत्रकात सिमेंटचाच दर आहे, आणि चुना भिजवून मुरवून सुरखीत (विटांच्या भुकटीत) मळणारे गवंडी आता शोधून काढावे लागतात.

यावर एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारे काही वाईट लोक नसतात: मुख्य वाडा वाचला तर बास नाही का? भिंत ती काय, तबेला तो काय? त्यावर मी पुण्याच्या शनिवारवाड्याकडे बोट दाखवेन. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला तो वाडा २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत जळाला. दिवाणखाने गेले, महाल गेले, आरसेमहाल गेला. आज तिथे काय उभं आहे? तट, बुरूज आणि दरवाजे. जोती सोडली तर बाकी काही नाही. आणि तरीही गेली कित्येक वर्षं मराठी माणूस दिल्ली दरवाजासमोर उभा राहतो तेव्हा त्याला ‘पेशव्यांचा वाडा’ पाहिल्याचं समाधान मिळतं. आवाराच्या भिंतीत किती सत्त्व असतं याचा याहून मोठा पुरावा आपल्याला कुठे मिळणार? राहिला तबेला. हंपीला जाणारा प्रत्येक माणूस अकरा दालनांच्या गजशाळेसमोर फोटो काढतो. विजयनगरच्या राजांचे लाकडी महाल नष्ट झाले, त्यांच्या चौथऱ्यांवरून माणसं घाईने पुढे जातात. हत्ती बांधायची जागा मात्र त्या राज्याची ओळख बनून राहिली.

ग्वाल्हेरमध्ये चित्र उलटं आहे. १८७४ मध्ये मायकेल फिलोजने बांधलेला शिंद्यांचा जयविलास राजवाडा सगळ्यांना ठाऊक आहे. दरबार हॉलमधली साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं, ती टांगण्याआधी छप्पर तपासायला वर हत्ती चढवले होते ही कथा, संग्रहालयातल्या बग्ग्या आणि पालख्या, हे सगळं पर्यटक पाहून जातात. महाराज बाडा या लष्करातल्या मुख्य चौकातल्या इमारतींच्या दर्शनी भागांवर रोषणाई होते आणि संध्याकाळी तिथे गर्दीही जमते. या सगळ्याचा मला आनंदच आहे. पण दर्शनी भाग जपण्याची ही सवय आपल्याला फसवते आहे. सगळं लक्ष रस्त्यावरून दिसणाऱ्या तोंडाकडे लागलं, आणि जी बाजू रोजच्या कामाची होती ती आपोआप ‘मागची जागा’ ठरली. मागच्या जागेला भाव असतो, मान नसतो.

मान नसण्याचं एक कारण उघडपणे बोललं पाहिजे. दिवाणखान्यात सरदार बसायचा. पागेत मोतद्दार, साईस, नालबंद, पाणी वाहणारे पखाली, घोडे शिकवणारे चाबुकस्वार, खोगीर करणारे जिनगर, गवत कापून आणणाऱ्या बाया असायच्या. शिवकाळापासूनची रीत अशी की २५ स्वारांमागे एक पखाली आणि एक नालबंद असायचा. एका स्वाराच्या मागे किती हात राबत असतील ते यावरून कळतं. या लोकांच्या तसबिरी कुणी काढल्या नाहीत, त्यांची पत्रं दफ्तरात नाहीत, त्यांची स्वतःची घरं मातीची होती, ती केव्हाच गेली. त्यांच्या हाताच्या खुणा जिथे शिल्लक आहेत अशी लष्करात एकच जागा आहे, ती म्हणजे पागा. दोराने घासून खाच पडलेली कडी, गव्हाणीची झिजून गुळगुळीत झालेली कड, लिदीच्या गाडीच्या चाकांनी कापलेली उंबऱ्याची फरशी. मराठ्यांच्या इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ठरवावं की आपल्याला त्यातला फक्त गादीचा भाग हवा आहे की राबणाऱ्यांचाही. मला दोन्ही हवेत, आणि दुसरा जास्त निकडीने हवा आहे, कारण तो लवकर संपतो आहे.

कायद्याकडे वळू. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा शंभर वर्षांच्या वरच्या वास्तूंचा विचार करतो, पण त्याचं छत्र मिळतं ते राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून जाहीर केलेल्या स्मारकांना. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामबंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आणलं. मध्यप्रदेशाचा स्वतःचा कायदा १९६४ चा आहे, त्याचाही साचा तोच. किल्ला, गुजरी महल, मुहम्मद गौसांचा मकबरा अशांसाठी हा साचा ठीक आहे. लष्करातल्या खासगी मालकीच्या, नांदत्या, भाडेकरूंनी भरलेल्या वाड्यांना तो बसत नाही, आणि बसवायला गेलं तर मालक दुसऱ्याच दिवशी कुदळ घेईल. इथे हवी ती शहराच्या पातळीवरची, समजुतीची नोंद.

अशा नोंदीचा चांगला नमुना इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या जतनयादीत ‘तबेला आणि आवाराच्या भिंती’ अशा स्वतंत्र नोंदी ढिगाने सापडतात. नोंदीत किती खण, वीट की दगड, भिंतीच्या माथ्यावरचे दगड कसे घडवलेले, फाटकाचे खांब कोणत्या घाटाचे, हे सगळं लिहिलेलं असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे १९९० च्या तिथल्या कायद्यात एक कलम असं आहे की यादीतल्या इमारतीच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असलेलं प्रत्येक बांधकाम त्या इमारतीचाच भाग मानलं जावं. म्हणजे मालकाला ‘घर यादीत आहे, भिंत नाही’ असं म्हणता येत नाही. आपल्याला इंग्लंडचं सगळंच उचलायचं कारण नाही. पण हे एक कलम लष्कराच्या गरजेला हुबेहूब लागू पडतं. तारीखसुद्धा योगायोगाने जुळते. २८ मे १९४८ ला मध्यभारत संघाचं उद्घाटन झालं, आणि १९५१ च्या कायद्याने जहागिऱ्या संपल्या. पागा रिकाम्या होण्याचा काळ तोच. जहागिरीचं उत्पन्न थांबल्यावर घोड्याची चंदी कोण देणार? तेव्हा १९४८ च्या आधी आवारात जे होतं ते वाड्याचा भाग, अशी रेघ ग्वाल्हेरलाही सहज ओढता येईल.

आणि हे म्हणायला आज आपल्याकडे आधारही आहे. २०२० च्या अखेरीस मध्यप्रदेश शासन आणि युनेस्को यांनी ऐतिहासिक नागरी परिसराच्या उपक्रमासाठी ग्वाल्हेर आणि ओरछा ही दोन शहरं निवडली. ज्या शिफारशीवर तो उपक्रम उभा आहे, ती युनेस्कोची, २०११ ची. सुटी स्मारकं न पाहता रस्ते, मोकळ्या जागा, पाण्याची व्यवस्था, जमिनीचा उपयोग आणि तिथली माणसं यांचा एकत्र विचार करा, असं ती सांगते. पागा आणि भिंत यांपेक्षा या विचाराला जवळचं उदाहरण मला दिसत नाही: मोकळा चौक, पाणी, राबती माणसं, सगळं तिथेच एकत्र बांधलेलं आहे.

आता मालकांची बाजू. ती खरी आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय हा सगळा आग्रह म्हणजे नुसतं दुसऱ्याच्या जिवावर पुण्य कमावणं होईल. एका वाड्याचे सहा-आठ वारस असतात, काही पुण्याला, काही परदेशात. जुन्या भाडेकरूंचं भाडं इतकं नाममात्र असतं की वर्षाचा चुनासुद्धा त्यात येत नाही. एका वाड्याचे मालक मला म्हणाले, “ताई, दिवाणखाना दाखवायला आहे, पण घर चालतं ते भिंतीतल्या चार दुकानांवर.” त्यांना मी काय सांगणार होते? दुकानं बंद करा असं म्हणण्याचा अधिकार मला नाही.

पण दुकानं हवीत म्हणून पागा पाडावी लागते, हेच मुळात खरं नाही. पागा म्हणजे आयती खणांची ओळ. प्रत्येक खण समोरून उघडा, वर छप्पर, पाठीला भिंत, पुढे सावलीचा चौक. दुकान, कारखाना, अभ्यासिका, खानावळ, शिकवणी, काहीही तिथे बसतं. फक्त तोंड रस्त्याकडे न करता चौकाकडे करायचं आणि गिऱ्हाइकाला मूळ दरवाजातून आत आणायचं. इंग्लंडमधल्या ब्रायटनला युवराजासाठी १८०३ ते १८०८ मध्ये घुमटाखाली वर्तुळाकार तबेला बांधला होता, तोही हिंदुस्थानी घाटाचा. १८६७ पासून तिथे संगीताच्या मैफिली होतात. फ्रान्समधल्या शांतीयीला अठराव्या शतकात २४० घोड्यांसाठी बांधलेला प्रचंड तबेला आज घोड्यांचं संग्रहालय आहे आणि त्याची तिकिटं विकली जातात. ग्वाल्हेर हे तर ख्याल गायकीचं घर. २०२३ मध्ये युनेस्कोने संगीताचं शहर म्हणून त्याला मान दिला. एखादी सात-आठ खणांची पागा, दगडी छपराची, समोर चौक, हिवाळ्यातल्या संध्याकाळच्या बैठकीला याहून चांगली जागा नवं सभागृह बांधून मिळायची नाही.

पार्किंगचा मुद्दा तर मला फार अस्वस्थ करतो. गाड्या लावायला जागा नाही म्हणून पागा पाडतात. पागा हे वाहन उभं करण्यासाठीच केलेलं बांधकाम आहे. दरवाजा वाहनाच्या मापाचा, चौक वळवण्याच्या मापाचा, ठाण ५ ते ६ फुटांचं. एका ठाणात दोन दुचाकी सहज मावतात, आणि जिथे खण रुंद आहेत तिथे छोटी मोटारही. छप्पर पाडून उन्हात गाड्या तापवण्यापेक्षा जुन्या ठाणांत त्या सावलीत राहतील.

उरतो रस्तारुंदीचा प्रश्न, आणि भिंतींवर सगळ्यात मोठा घाव तिथूनच पडतो. रस्ता रुंद करायचा तर आधी आवाराची भिंत जाते, कारण ती पाडताना कुणाचं घर मोडलं असं दिसत नाही. इथे आपल्या शेजारच्या इंदूरची आठवण ठेवण्यासारखी आहे. १९१७-१८ मध्ये होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाला नगररचनेसाठी बोलावलं. प्लेगने शहर हैराण होतं. गेडिसने दिवाळीच्या सुमारास मिरवणूक काढली, तीत प्लेगचा प्रचंड उंदीर करून फिरवला, आणि ज्या वस्त्या स्वच्छ होतील त्यांतून मिरवणूक जाईल असं जाहीर करून लोकांकडूनच शहर झाडून घेतलं. पुढे १९१८ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते कापण्याला त्याचा विरोध होता. नकाशावर रेघ मारण्याआधी गल्लीगल्लीतून पायी हिंडा, कुठे एखादी मोडकी खोली काढली तर वारा खेळेल, कुठे झाड लावलं तर चौक होईल ते पाहा, असं तो सांगत असे. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी संस्थानाने हा विचार पैसे मोजून विकत घेतला होता. त्याच मुलखात आज रेघ आधी मारली जाते आणि गल्ली नंतर पाहिली जाते.

रस्ता रुंद करायचाच असेल तिथे मला एक तोडगा सुचतो. परकोट न पाडता त्याच्या आतून, पागेच्या खणांसमोरून पादचाऱ्यांची वाट काढावी. भिंतीच्या बाहेर वाहनं, आत माणसं. मूळ दरवाजे दोन टोकांना असतील तर ही वाट आपोआप तयार होते. सगळीकडे जमणार नाही, पण जिथे जमेल तिथे भिंतही राहील, फेरीवाल्यांना सावलीही मिळेल आणि बाजारातल्या चेंगराचेंगरीतून म्हाताऱ्याकोताऱ्यांची सुटकाही होईल.

महापालिकेकडे आणि नगर व ग्राम निवेश विभागाकडे माझी मागणी फार खर्चाची नाही. लष्करातल्या वाड्यांची आवारनिहाय यादी करावी. प्रत्येक आवाराच्या नोंदीत भिंतीची लांबी, उंची, जाडी, दरवाजे आणि दिंड्या, पागेचे खण, छपराचा प्रकार, विहीर आणि मोरीची वाट लिहावी, सोबत मोजमापाचा नकाशा आणि फोटो. शहरात वास्तुशास्त्र शिकणारी मुलं-मुली आहेत, दरवर्षी त्यांना मोजणीचं काम लागतंच. ते इथे लावावं. यादीतल्या आवाराची भिंत आणि पागा जे मालक चुन्यात दुरुस्त करतील त्यांना मालमत्ता करात सूट द्यावी, आणि शासकीय दरपत्रकात चुनाकामाचा दर घालावा, म्हणजे सरकारी दुरुस्तीतही सिमेंटची सक्ती राहणार नाही. पागेच्या वापरबदलाला एका अर्जावर परवानगी मिळावी, मात्र रस्त्याकडे नवीन दार फोडायला अजिबात नको. ‘धोकादायक’ची नोटीस काढण्याआधी भिंतीमागची पागा कधी आणि कुणाच्या परवानगीने पाडली, हे अहवालात लिहिणं बंधनकारक करावं. आणि जिथे सामायिक मालकी आहे तिथे एका वारसाने आपल्या हिश्शाची म्हणून भिंत विकण्याआधी बाकीच्यांची लेखी संमती घ्यावी, कारण त्या भिंतीवर सगळ्यांचं छप्पर टेकलेलं आहे.

पहिली यादी येत्या पावसाळ्याआधी व्हायला हवी. पटियांचे सांधे उघडे पडलेल्या पागा आज लष्करात रस्त्यावरूनसुद्धा दिसतात. भरावात पाणी उतरलेली भिंत फार पावसाळे काढत नाही, आणि ती पडल्यावर तिथे पुन्हा चुन्यात दगड रचायची परवानगी आजच्या नियमांत कुणी मागतही नाही.